पन्नास खुर्च्यांचे गाणे

आमच्या ठाण्यात दिवाळीची पहाट हल्ली फटाक्यांपेक्षा गाण्यांनी अधिक उगवते. अभ्यंगस्नान उरकून, नव्या कपड्यांची घडी मोडून, कानात अत्तराचा फाया ठेवून माणसे पहाटे साडेपाचला मांडवात हजर असतात. निवेदक शब्दांची थोडी आतषबाजी करतो, पेटीवर पहिले दोन सूर वाजतात आणि हजारभर माणसे एका दमात 'आहा!' म्हणतात. गाणे अजून सुरू व्हायचे असते. म्हणजे हा 'आहा' गाण्याला नसतो, तो ओळखीला असतो. लग्नात जुना मित्र भेटावा तसे आपण त्या गाण्याला भेटतो, त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि कुठे काही बदलले नाही ना, एवढे पाहून समाधानाने फराळाला घरी येतो.

मलाही ती गाणी आवडतात. ती आवडत नाहीत असे म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या प्रकृतीची चौकशी करावी, या मताचा मी आहे. पण गेल्या वर्षी मांडवात बसल्या बसल्या मी एक हिशेब केला. मी चाळिशी ओलांडून बरीच वर्षे झालेला गृहस्थ. आणि त्या पहाटे गायिलेल्या बावीस गाण्यांतले सर्वांत तरुण गाणेसुद्धा माझ्याहून वयाने मोठे होते.

गेली तीन वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी मी याच्या नेमका उलट उद्योग करतो. जी गाणी मी कधीच ऐकलेली नाहीत, ज्यांच्या गायकांची नावे मला ठाऊक नाहीत, आणि जी मला आवडतील याची काडीइतकीही खात्री नाही, ती ऐकायला मी लोकलने दादर, परळ, खारपर्यंत जातो. तरुण मंडळी याला 'गिग' म्हणतात. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना मी हा शब्द सांगितला, तेव्हा त्यांनी काळजीने विचारले, "उपाशीपोटी जावं लागतं का?" त्यांना ती एखादी रक्ततपासणी वाटली. तसे पाहिले तर त्यांचा अंदाज अगदीच चुकला नव्हता.

या नादाला मला लावले ते आमच्या कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. नाव सांगत नाही. त्याच्या विमा कंपनीतल्या साहेबांनी हे पान वाचू नये अशी त्याची इच्छा आहे. या लेखापुरते आपण त्याला 'शेवटचा बाक' म्हणू, कारण तीन वर्षे तो तिथेच बसला, आणि बहुतेक वेळ झोपला. रेल्वेच्या पुलावर भेटला. पाठीवर गिटारची काळी पिशवी. म्हणाला, "सर, शनिवारी या ना. मी गाणार आहे. मराठीत." त्या शेवटच्या शब्दावर त्याने असा काही जोर दिला, की जणू मराठीच्या प्राध्यापकाला आता सुटका नाही. ती नव्हतीच.

जागा म्हणाल तर खारमधल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावरची लांबट खोली. खाली केशकर्तनालय. जिन्यात एक मुलगी मनगटावर शिक्का मारते. आमच्याकडे जत्रेत पाळण्यात बसताना मारीत तसा. आत पन्नासेक खुर्च्या, त्यांतल्या चाळीस एकमेकींशी न जुळणाऱ्या. एका टोकाला वीतभर उंचीचे व्यासपीठ. इतके बुटके की गायकाच्या बुटाची नाडी सुटलेली असली तर ती दिसते. दुसऱ्या टोकाला पेयांचा कट्टा. साडेसातचा कार्यक्रम सव्वाआठला सुरू झाला, आणि ही एक गोष्ट मात्र मला आपल्या नाट्यगृहांची परंपरा पुढे चालवणारी वाटली. गायक स्वतःच तारा जोडतो, स्वतःच माईकवर 'चेक, चेक' म्हणतो, आणि मग तोच माणूस जरा खाकरून 'नमस्कार' म्हणतो, म्हणजे कार्यक्रम सुरू झाला असे समजावे. पडदा नाही, निवेदक नाही, हार-नारळ नाही.

आता अनोळखी गाणे ऐकणे हा काय प्रकार असतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची ती सवय मोडलेली आहे. पहिल्या गाण्यात तर काहीच कळत नाही. कानाला टेकायला भिंतच नसते. ओळखीच्या गाण्यात पुढची ओळ आपण आधीच मनात गुणगुणत असतो. इथे पुढची ओळ कुठे वळणार याचा पत्ता नसतो. त्यामुळे पहिले गाणे गायकाचा शर्ट, त्याचा जबडा, पंख्याचा वेग हे पाहण्यात जाते. दुसऱ्या गाण्यात आवाज ओळखीचा होतो. तिसऱ्यात एखादा शब्द हाती लागतो. आणि मग कधीतरी, चौथ्यात किंवा सहाव्यात, एखादे गाणे येते, आणि आपण पुढे सरकून बसलो आहोत हे आपल्या लक्षात येते. कधी येतच नाही. कित्येक शनिवार मी कोरडाच परतलो आहे. एका संध्याकाळी तर एक गृहस्थ पाऊण तास यंत्रातून कबुतराच्या घुमण्यासारखा आवाज काढीत होते आणि पुढच्या रांगेतली मुले डोळे मिटून माना डोलावीत होती. मीही डोलावली; पण मला झोप येत होती.

त्या पहिल्या शनिवारी मात्र माझे नशीब बरे होते. 'शेवटचा बाक' तिसऱ्या क्रमांकावर गायला. त्याची चार गाणी झाली. तीन बेताची. चौथे त्याच्या वडिलांवर होते. वडील लांज्याजवळच्या एका गावात राहतात, मुलगा मुंबईत. रोज रात्री फोन. आणि फोनवर वडील फक्त पावसाबद्दल बोलतात. आज किती पडला, कुठून आला, ओहोळाला किती पाणी चढले. तब्येतीबद्दल नाही, आई गेल्यानंतरच्या रिकाम्या घराबद्दल नाही, 'तू केव्हा येतोस' हे तर नाहीच. गाण्यात एवढेच. शेवटच्या कडव्यात उन्हाळा येतो, पाऊस नसतो, आणि फोनवर दोघांनाही बोलायला काही नसते.

खोलीत कट्ट्यापाशी बर्फ फोडण्याचा आवाज चालला होता. तो थांबला. माझ्या शेजारी हातावर नक्षी गोंदवलेला एक दांडगा तरुण बसला होता. त्याने खिशातून फोन काढला, पाहिला, आणि परत ठेवला. त्याला घरी फोन करायचा होता की काय, देव जाणे.

मी मात्र बोटांवर मात्रा मोजीत होतो. धंद्याची सवय! आठ आणि आठ, सोळा. पुन्हा आठ आणि आठ. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला म्हटले, "अरे, हे तर स्वच्छ पादाकुलक आहे!" तो म्हणाला, "सर, हे फोर-फोर आहे." मी म्हटले, चार-चार मात्रांचे चार गट म्हणजे सोळा, आणि सोळा मात्रांची ओळ म्हणजे पादाकुलक, हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवले होते. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "तेव्हा मी झोपलेलो असेन, सर. पण कानात गेलं असेल."

हे उत्तर मला इतके आवडले की घरी येताना लोकलमध्ये मी माधव ज्यूलियनांची आठवण काढीत बसलो. आमच्या पिढीपर्यंत 'छंदोरचना' हा ग्रंथ म्हणजे परीक्षेच्या वाटेवरचा एक मोठा धोंडा. 1937 साली त्याची विस्तृत आवृत्ती निघाली, आणि विद्यार्थी तेव्हापासून त्याला वळसा घालून जात आहेत. पण हा धोंडा रचणारा माणूस मुळात गाणाऱ्यांच्या कंपूतला. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ निघाले ते दर रविवारी चहाला जमणाऱ्या मित्रमंडळींतून. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमाबाई रानडे हे दांपत्य, आणखी दोघेतिघे. चहा व्हायचा, नवी कविता वाचली जायची, आणि पुढे ही मंडळी लोकांसमोर कविता गाऊ लागली. साथीला फार काही नाही. कविता तीच, कवी तोच, गळा त्याचाच. आज खारच्या खोलीत जे चालते त्याला याहून वेगळे नाव काय द्यायचे? चहाऐवजी दुसरे काही प्यायले जाते, हा फरक मी नाकारीत नाही.

आणि तेव्हाच्या जाणत्यांनी या गाणाऱ्या कवींना डोक्यावर घेतले असे मात्र समजू नका. अत्र्यांनी 1925 साली 'झेंडूची फुले' काढून त्यांची अशी काही खिल्ली उडवली, की महाराष्ट्र अजून हसतो आहे. तरी लोक गाणे ऐकायला गेलेच. 1930 नंतरच्या दोन-चार वर्षांत ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली, तिची तबकडी निघाली, आणि भावगीत नावाची वस्तू घरोघर पोचली. कवी मेहकरचे वकील, गायकही कायद्याचे पदवीधर. दोघांच्याही वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल, असा माझा आपला तर्क. तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. म्हणून गाणे तेवढेच झाले. गंमत अशी, की तबकडी गेली, ती ओढणारी सुई गेली, पण ती तीन-चार मिनिटे मात्र गेली नाहीत. 'शेवटच्या बाका'ची चारही गाणी घड्याळ लावून तेवढीच आहेत.

पुढे गजाननराव वाटवे आले. हा माणूस 1917 चा. स्वतः चाली बांधायचा, स्वतः गायचा, आणि पुण्याच्या गणेशोत्सवात चौकाचौकांत रस्त्यावर माणसे बसवून नव्या कविता ऐकवायचा. नव्या! हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो. आज ज्या गाण्यांना आपण पहाटेच्या मांडवात 'आहा' करतो, ती कधीतरी पहिल्यांदा गायिली गेली, आणि त्या वेळी समोर बसलेल्या एकालाही ती ठाऊक नव्हती. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे रेडिओपुढे बसत, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ती काय ऐकायला बसत? माडगूळकरांनी त्या आठवड्यात लिहिलेले, फडक्यांनी त्या आठवड्यात चाल लावलेले, कुणीही कधीही न ऐकलेले गाणे. अशी छप्पन्न. आजोबांनी जुन्या गाण्यांसाठी नव्हे, पुढच्या आठवड्यातल्या गाण्यासाठी रेडिओ घेतला होता. आपण आजोबांचा रेडिओ जपून ठेवला आणि त्यांची सवय तेवढी मोडीत काढली.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, 'अहो प्राध्यापक, नवी गाणी आम्हीही ऐकतो. फोनवर ढिगाने असतात.' असतात खरी. तिथे एक यंत्र बसलेले आहे. तुम्ही काल काय ऐकलेत ते पाहून ते आज त्याच चवीचे वाढते. मोठे आज्ञाधारक यंत्र आहे. पण माझ्या आईने मला कारले खायला शिकवले ते मला आवडते म्हणून नव्हे. खोलीत बसलेल्या माणसाला पुढच्या गाण्यावर उडी मारता येत नाही. समोर माणूस गातो आहे, नाडी सुटलेली आहे, कपाळावर घाम आहे, उठून जायची लाज वाटते. या लाजेपोटी मी जेवढी नवी गाणी ऐकली, तेवढी आवडीपोटी ऐकली नसती.

तशी मला कितीतरी मंडळी भेटली. तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या दणक्यात गाणारी 'अभंग रिपोस्ट' ही मुंबईची मुले पहिल्यांदा ऐकताना मी सावरून बसलो होतो, एखादा भोंगळ प्रकार असणार म्हणून. पण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंगाचा चरण त्या दणक्यातही जागच्या जागी उभा होता. सातशे वर्षे टाळांच्या गजरात टिकलेली वस्तू ड्रमने काय हलणार! 'स्वदेसी' नावाच्या चमूचे 2019 चे आरेच्या जंगलावरचे गाणे असेच. त्यात वारली लोककलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. रॅप या प्रकाराला नाक मुरडणाऱ्यांनी ते एकदा ऐकावे आणि मग खुशाल मुरडावे. गिरणगावच्या चाळींपुढे डफावर थाप मारून अमर शेख आणि अण्णा भाऊ गात, त्यांचे 'लाल बावटा' पथक 1944 चे. त्या आवाजाचे नातेवाईक शोधायचे तर ते पहाटेच्या मांडवात नाहीत, इकडे आहेत. कुर्ल्याच्या एका मुलाने 2014 साली साध्या टॅबवर गाणे ध्वनिमुद्रित केले आणि पाच वर्षांनी त्याच दुनियेवर हिंदीत मोठा चित्रपट आला. ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर मी शाई घालवीत नाही.

तक्रारीही आहेत. निम्मी मुले इंग्रजीत लिहितात, आणि त्या इंग्रजीत समुद्र, चंद्र आणि एकटेपणा यांपलीकडे काही घडत नाही. जी मराठीत लिहितात त्यांतली काही मराठी अशी गातात, जणू शब्द तोंडात गरम बटाट्यासारखा फिरतो आहे. 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार असतात हे विसरले तरी एक वेळ चालेल, पण 'ळ'! गिटारवर 'ळ' शोभत नाही अशी कोणीतरी यांची समजूत करून दिलेली दिसते. 'ळ' टाळण्यासाठी एका मुलाने आभाळाचे आकाश केले आणि वादळाचे तुफान. मी त्याला मध्यंतरात गाठून सांगितले, की बाबा रे, 'ळ' गिटारला चालतो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी वर्गात रोज पाहतो, त्यामुळे मला काही वाटले नाही.

परदेशात हेच कसे घडले याचा एक दाखला फार बोलका आहे. लिव्हरपूल गावातल्या मॅथ्यू स्ट्रीटवर एका गोदामाच्या तळघरात 'कॅव्हर्न' नावाची जागा होती. ओलसर, कोंदट, भिंतींवरून पाणी पाझरणारी. तिथे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गाणे चाले. आसपासच्या कचेऱ्यांतली पोरे-पोरी पाव-सूप घेऊन यायची, तासभर ऐकायची आणि पुन्हा टंकलेखनाला जाऊन बसायची. बीटल्स ही चौकडी 1961 च्या फेब्रुवारीपासून 1963 च्या ऑगस्टपर्यंत तिथे सुमारे तीनशे वेळा वाजली. तीनशे! 9 नोव्हेंबर 1961 रोजी तबकड्यांच्या दुकानाचा एक तरुण चालक दुपारी जिना उतरून खाली गेला, आणि पुढचे जगाला ठाऊक आहे. पण त्या चालकाच्या आधी, कितीतरी दुपारी, पावाचा तुकडा हातात धरून ऐकत उभ्या राहिलेल्या त्या टंकलेखिकांचे नाव कोणी घेत नाही. गाणे तयार झाले ते त्यांच्यासमोर. 1973 साली ते तळघर बंद झाले आणि पुढे बुजवले गेले; गावाला आपण काय बुजवले ते उमगल्यावर 1984 साली त्यातल्याच पुष्कळशा विटा वापरून पुन्हा बांधले.

आपल्याकडे विटाही उरत नाहीत. धोबी तलावचे रंगभवन उघडे. आजूबाजूला इस्पितळ आणि कॉलेज. ते शांतता-क्षेत्राच्या नियमात सापडले आणि तिथला रॉक संगीताचा जल्लोष या शतकाच्या आरंभी थांबला. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही; इस्पितळातल्या माणसालाही कान असतात. पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक एरवी लावता येत नाही, आणि बंद जागा म्हटली की भाडे आले. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात 2007 साली 'ब्लू फ्रॉग' नावाची मोठी नामांकित जागा निघाली होती. जिथे साच्यांचा खडखडाट चालायचा तिथे गाणे. तीही 2016 साली बंद झाली.

या जागांचे अर्थशास्त्र मी 'शेवटच्या बाका'कडून समजून घेतले, आणि ऐकून थक्क झालो. मी दारावर चारशे रुपये देतो, तेव्हा मला वाटते मी गाण्याचे पैसे दिले. पुष्कळ ठिकाणी ते खाण्यापिण्यात वळते होतात. जागा चालते ती कट्ट्यावर. आता नीट पाहा: जो श्रोता खरा ऐकणारा, तो एक लिंबू-सोडा घेऊन दोन तास निश्चल बसतो. जो ऐकत नाही, मागे उभा राहून मित्रांशी मोठमोठ्याने बोलतो, तो चार वेळा कट्ट्यावर जातो. म्हणजे मालकाच्या दृष्टीने चांगला श्रोता हे वाईट गिऱ्हाईक, आणि बडबड्या हाच अन्नदाता! मी ज्या निष्ठेने लिंबू-सोडा पितो, त्या निष्ठेने मी त्या जागेचे नुकसानच करीत असतो. गायकाला काय मिळते? कधी दाराच्या पैशांतला हिस्सा, कधी जेवण, कधी 'तुझं नाव होईल' असे आश्वासन. दीड वर्षांपूर्वी एका जागेने त्याला कबूल केलेले तीन हजार रुपये अजून दिलेले नाहीत. आणि फोनवरच्या यंत्राकडून वर्षाकाठी जे येते, त्यात गिटारच्या तारांचे दोन संच येतात. त्याने मला हे हसत सांगितले. मग जरा वेळाने न हसता म्हणाला, "बाबांना मी सांगितलंय, तिशीपर्यंत." तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

मला कळेना याला काय सांगावे. मराठीच्या प्राध्यापकाकडे देण्यासारखे असते काय? मी म्हटले, "आमच्या घरी गा."

ही कल्पना माझी नव्हे. लंडनमध्ये 2009 साली काही मंडळी मैफलीतल्या बडबडीला आणि फोनच्या उजेडाला कंटाळली आणि एकाच्या राहत्या घरात जमली. त्याचेच पुढे 'सोफार' झाले. पत्ता आदल्या दिवशी कळतो, कोण गाणार ते कळत नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि बोलायचे नाही. ते पुढे गावोगाव पसरले, आपल्याकडेही आले, आणि आमच्या मुलांना ते भलतेच नवे वाटते. जमिनीवर मांडी घालून घरात गाणे ऐकणे, हे मराठी माणसाला लंडनहून आणावे लागले, यावर मी अधिक काही बोलत नाही.

सौ. ने दोन अटी घातल्या: साडेआठला बंद, आणि पोहे ती करणार नाही. पोहे मी केले. सोसायटीच्या चिटणिसांनी आधी 'कमर्शिअल ॲक्टिव्हिटी'चा मुद्दा काढला; त्यांना सहकुटुंब निमंत्रण दिल्यावर तो मागे पडला. दिवाणखान्यातले सोफे बेडरूममध्ये गेले, सतरंज्या आल्या, आणि अठ्ठावीस माणसे मावली. ध्वनिक्षेपक नाही, नुसता गळा आणि लाकडी गिटार. पहिल्या रांगेत, एकमेव खुर्चीवर, खालच्या मजल्यावरच्या आजी. वय अठ्ठ्याऐंशी. माहेर पुण्याचे, लहानपणी गणपतीत रस्त्यावर बसून वाटव्यांना ऐकलेल्या. "ते माझ्या इतके जवळ होते," असे म्हणून त्यांनी पानाचा डबा दाखवला.

गाणी झाली. पावसाचे गाणे झाले. आपल्या घरांत असे काही झाल्यावर जी एक अवघडलेली शांतता पसरते ती पसरली, कोणी डोळे पुसावे आणि कोणी चहाचे पाहावे हे ठरेना. एवढ्यात आजी म्हणाल्या, "बाळ, तिसरं कडवं पुन्हा म्हण. माझं ऐकायचं राहिलं." वन्समोअर! 'शेवटच्या बाका'ने माझ्याकडे पाहिले. त्याला दोन-अडीच वर्षांत कोणी हे म्हटले नव्हते. त्याच्या दुनियेत टाळ्या असतात, शिट्या असतात, पण 'पुन्हा म्हण' नसते. त्याने पुन्हा म्हटले. आजी ओठ हलवीत होत्या. त्या पाठ करीत होत्या.

निघताना दाराशी ठेवलेल्या पितळी डब्यात माणसांनी काही ना काही टाकले. ते सहा हजार दोनशे रुपये झाले. कुठल्याही एका संध्याकाळी त्याला एवढे मिळाले नव्हते. चिटणिसांनी पाचशे टाकल्याचे त्यांनीच मला तीनदा सांगितले.

चौथ्या दिवशी आजींची नातसून एक चिठ्ठी घेऊन वर आली. आजींनी तिसरे कडवे आठवून लिहून काढले होते, थरथरत्या पण वळणदार अक्षरात, आणि खाली विचारले होते, 'बरोबर आहे ना?' सगळे बरोबर होते, एक शब्द सोडून. वडील फोन घेऊन उभे असतात ते गाण्यात 'खिडकीपाशी'. आजींनी लिहिले होते 'पागोळ्यांशी'. वडील फोन घेऊन पागोळ्यांशी उभे. मी बोटांवर मोजले. आठ मात्रा होत्या, इकडेही आणि तिकडेही. मी चिठ्ठीचा फोटो काढून 'शेवटच्या बाका'ला पाठवला. रात्री साडेअकराला त्याचे उत्तर आले: "सर, यांचा शब्द जास्त बरोबर आहे. आमच्या घराला त्या बाजूला खिडकी नाहीच."

गेल्या महिन्यात खारच्या त्याच खोलीत तो 'पागोळ्यांशी' गायला. 'ळ' अगदी स्वच्छ. परत आल्यावर मी खालच्या मजल्यावर जाऊन आजींना हे सांगितले. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाल्या, "प्रोफेसर, दुसऱ्या कडव्यातही एक शब्द आहे. त्याला म्हणावं, पुढच्या खेपेला येशील तेव्हा जरा लवकर ये."